तुंगकरबुवांनी मोडलेलं कीर्तन

या, अशा जवळ सरका बायांनो. बुवांचा चहा व्हायचाय, पेटीवाले पानपट्टीवर उभे आहेत, आणि समईचं तेल आणायला गेलेला पुजारी तेल आणतोय की करडई पेरतोय, कोण जाणे. म्हणजे आपल्याला वेळ आहे. तोवर एक गोष्ट सांगते. पुराणातली नाही, माझ्या स्वतःच्या पोटातली आहे. मी एकदा संत झाले होते. हसू नका. दीड दिवसाच्या गणपतीसारखी मला बसवली आणि दीड दिवसात उठवली. पण झाले होते हे खरं.

त्या वर्षी चैत्रात मी सोप्यातल्या खाटेवर पडून होते आणि आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, शेजारणींना काचेची बाटली उन्हात धरून दाखवत होत्या.

"हे बघा आमच्या मालनचे खडे. डॉक्टर म्हणाले, अशी शिगोशीग भरलेली पिशवी जिल्ह्यात कुणाची निघाली नाही."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. तालुक्याच्या दवाखान्यात त्यांनी दुर्बिणीतून माझं पित्ताशय काढलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं, आणि सोडताना आमच्या ह्यांना आणि अक्कांना समोर उभं करून बजावलं, "ताप आला, पोट फुगलं, डोळे पिवळे दिसले, तर वाट बघायची नाही. तडक घेऊन यायचं." अक्कांनी अशी मान हलवली की वाटावं, हे सगळं त्यांनीच डॉक्टरांना शिकवलंय.

घरी आले आणि पोट दुखायला लागलं. आधी थोडं, मग दम धरवेना. कळ पोटातून उठायची आणि उजव्या खांद्यात जाऊन बसायची.

"अक्का, दुखतंय हो. डॉक्टरांकडं जाऊ या."

"गॅस आहे," अक्का म्हणाल्या.

आमच्या घरात देव सर्वव्यापी आहे आणि त्याच्या खालोखाल गॅस. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हाही पहिले चार तास तो गॅसच होता. मला ओवा दिला, हिंग दिला, पोटावर एरंडाचं पान बांधलं. पोट काही ऐकेना. ते फुगतच गेलं.

आमचे हे शिंपी. गावात दुकान, हातात टेप, आणि घरात आवाज मशीनचा. ते म्हणाले, "वैनी, डॉक्टर म्हणाले होते की पोट फुगलं तर..."

"भावजी, तुम्ही कापड बेता. माणसाचं मला कळतं."

संपलं.

आता गावात रामाचा उत्सव. रामनवमीपर्यंत रोज संध्याकाळी कीर्तन. मला कीर्तनाचं वेड किती, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्हीच मला नावं ठेवता. नवरा उपाशी राहील पण ही पूर्वरंग चुकवायची नाही, हे म्हणता ते खरंच आहे. म्हणून अक्का म्हणाल्या, "चल, कीर्तनाला बस. नामानं बरं वाटेल," तेव्हा मीही म्हणाले, चला. नामानं बरं वाटतं यावर माझा आजही विश्वास आहे. नाम घेणाऱ्यानं डॉक्टरांकडं जाऊ नये असं मात्र कुठल्याच देवानं सांगितल्याचं मी अजून ऐकलं नाही.

उत्सवाचे अध्यक्ष होते बापूसाहेब शिंत्रे. त्यांचं खताचं दुकान. रासायनिक खत पुढं, अध्यात्म मागच्या खोलीत. त्या वर्षी त्यांनी पुण्याकडचे मोठे नावाजलेले बुवा ठरवले होते. त्यांचा घसा बसला आणि आयत्या वेळी मिळाले ते दामोदरबुवा तुंगकर.

दामोदरबुवांविषयी खरं ते सांगते, कारण ते स्वतःही खरंच सांगत. गळा म्हणजे न वंगणलेला रहाट. अंगरखा कुणा आडमाप माणसासाठी शिवलेला. आख्यानं दोन, विनोद तीन, आणि त्यातला एक दोनदा. ते उभे राहिले की पुरुष मंडपाच्या खांबांना टेकून जागा धरायचे, ते ऐकण्यासाठी नव्हे. बापूसाहेब पहिल्याच दिवशी ह्यांच्या दुकानात म्हणाले होते, "रामाचा उत्सव म्हणून सोसायचं. रामानंही वनवास सोसला."

मी गेले त्या दिवशी आख्यान होतं एका आंधळ्या फुलवाल्याचं. त्याला देव दिसत नाही, फुलंही दिसत नाहीत, तरी तो रोज हार गुंफतो. गोष्ट गोड होती. मी बायकांच्या बाजूला पुढंच बसले होते. बुवांनी अभंग उचलला आणि माझ्या अंगात थंडी भरली. चैत्रातली संध्याकाळ, मंडपावर तापलेला पत्रा, आणि माझे दात वाजतायत. पाठोपाठ घाम फुटला. पोटातून अशी कळ आली की डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अक्का, थंडी वाजतीये."

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पलीकडच्या बाईला कोपरानं ढोसलं. तिनं तिच्या पलीकडच्या. आणि पुरुषांच्या बाजूनं बापूसाहेब उठून उभे राहिले.

"थांबा! कुणी हात लावू नका. हे अष्टसात्त्विक भाव आहेत!"

पोथीत सांगितलेले भक्तीचे आठ भाव बापूसाहेबांना खताच्या भावांइतकेच पाठ होते. ते बोटांवर मोजायला लागले. "स्वेद, म्हणजे घाम. बघा, पदर भिजलाय. अश्रू. कंप. बघा, थरथरतीये. वर्ण पालटलाय. माई, बोला बरं काही."

"मला घरी न्या," मी म्हणाले. आवाज फुटेना.

"स्वरभंग!" बापूसाहेब म्हणाले. "पाच झाले!"

"अहो, काटा आलाय अंगावर तिच्या," अक्का म्हणाल्या.

"रोमांच! सहा! वैनी, तुमच्या घरात केवढा जीव आहे, तुम्हाला कल्पना आहे का?"

अक्कांना इतकी वर्षं नव्हती. त्या क्षणी आली.

बुवा नारदाच्या गादीवर झांज हातात धरून उभे होते. त्यांच्या उभ्या जन्मात त्यांच्या कीर्तनाला कुणी रडलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, वर देवाकडं पाहिलं, आणि तोच अभंग पुन्हा उचलला, अशा जोरात की पेटीवाल्याला त्यांची पट्टी सापडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले ती गलबल्यानं. दारात चपलांचा ढीग. बायका येत होत्या आणि माझ्या पायांवर डोकं ठेवत होत्या. कुणाला मूल हवं होतं, कुणाच्या म्हशीला पान्हा हवा होता. मला ताप होता, अंगावरचं पांघरूणसुद्धा टोचत होतं, आणि एक म्हातारी माझ्या पायाचा अंगठा धुऊन ते पाणी वाटीत भरत होती.

अक्का दारात उभ्या राहून रांग लावत होत्या. "एकेक. पायालाच हात लावायचा. पोटाला नाही, ते फुगलंय."

"फुगलंय कशानं हो?"

"नाभीपाशी नाम साठतं," अक्का म्हणाल्या. हे त्यांना कुणी सांगितलं, कुणास ठाऊक. संताची जाऊ झाली की आपोआप सुचत असावं.

मग कुणीतरी माझा चेहरा उजेडात पाहिला. "अगं बया! काय तेज चढलंय! सोन्यागत कांती झालीये. डोळ्यांत बघा, डोळ्यांतपण सोनं!"

पिवळ्या डोळ्यांचं सोनं बघायला पुन्हा रांग लागली. आमचे हे तेवढे गडबडले. ते माझ्या उशाशी वाकून हळूच म्हणाले, "मालन, हे तेज नव्हं. डॉक्टर बोललेत त्यातलं आहे. रिक्षा आणू का?"

"आणा हो. आत्ता आणा."

ते उठले तर दारात बापूसाहेब. संगं दोन गावांच्या उत्सव कमिट्यांची माणसं.

"शिंपीबुवा, कुठं निघालात?"

"रिक्षा आणतो. हिला दवाखान्यात..."

"शुद्धीवर आहात का? आज पंचक्रोशी येतीये. मी मंडप वाढवलाय. पायरीपर्यंत गालिचा टाकलाय. आणि तुम्ही भाव उतरवायला डॉक्टरकडं नेणार? सहा झालेत. जागीच खिळणं म्हणजे स्तंभ आणि शुद्ध हरपणं म्हणजे प्रलय, एवढे दोन राहिलेत. आज पुरे होतील. उद्या सकाळी माझ्या जीपनं न्या, मी नाही म्हणत नाही."

"बापूसाहेब, मला दुखतंय," मी म्हणाले. "मला भाव नको. मला डॉक्टर हवा."

बापूसाहेब कमिटीच्या लोकांकडं वळले. "ऐकलंत? देहाचा कंटाळा आलाय त्यांना. खऱ्या भक्ताचं लक्षण हेच."

आता सांगा, यावर माणसानं काय बोलावं? काही बोललं की लक्षण, गप्प बसलं की स्तंभ.

संध्याकाळी मला खुर्चीत घालून देवळात नेलं. चार जणांनी उचलली. पुढं पाट मांडला होता, भोवती रांगोळी. गर्दी एवढी, की रामाला लोकांच्या डोक्यांवरून बघावं लागत होतं. आणि कीर्तन सुरू व्हायच्या आधी त्या दोन कमिट्यांनी सगळ्यांसमोर दामोदरबुवांच्या हातात नारळ दिले: हनुमान जयंतीला आमच्याकडं, अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं. नारळ दिला म्हणजे बोलावणं पक्कं. ज्या बुवांना लोक कुणाचा तरी घसा बसल्यावर बोलवत, त्यांना दोन नारळ एका संध्याकाळी. बुवांनी ते छातीशी धरले, तान्ह्या पोरासारखे. मग रामापुढं ठेवले आणि गादीवर उभे राहिले.

पूर्वरंग कसा गेला, मला आठवत नाही. मधे विनोद आला तेवढा आठवतो, कारण आसपासच्या गावांत ऐकून तो मला पाठ होता. कीर्तनात झोपलेला श्रोता आरतीला जागा होतो, पुढं आलेलं तबक बघतो, त्याला वाटतं कंडक्टर आला, आणि पैसे टाकून म्हणतो, "एक मिरज." एरवी याला दोघं-तिघं हसायचे. त्या दिवशी एकही हसला नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. मला पुन्हा हुडहुडी भरली होती. बापूसाहेब म्हणाले, "आला! आला!"

मग पुढं बुवांचा आवाज लांब लांब जात राहिला. एका समईच्या दोन झाल्या, चार झाल्या, आणि मी पाटावरून आडवी झाले.

"स्तंभ! प्रलय!" बापूसाहेबांचा आवाज. "आठ! आठही झाले! जय जय..."

सगळा मंडप उठला. टाळ्या, गजर, कुणी माझ्यावर बुक्का उधळतंय, कुणी पाय ओढतंय. मला ऐकू येत होतं, फक्त डोळे उघडत नव्हते. आणि त्या गदारोळात एक आवाज बंद पडला. झांज.

कसेबसे डोळे उघडले तर बुवांनी झांज खाली ठेवली होती. आख्यान अर्धं, आरती व्हायची. ते गळ्यातला हार काढून, नारदाच्या गादीवरून खाली उतरले. तुम्ही कीर्तनाच्या बायका आहात. तुम्हाला सांगायला नको याचा अर्थ काय. बुवांच्या घरी मयत झालं तरी आरती होईपर्यंत बुवा गादी सोडत नाहीत. राजा आला तरी त्याला नमस्कार करत नाहीत. मांडलेलं कीर्तन मोडलं, तर मोडणाऱ्याला सात गावांत उभं करत नाहीत.

"बुवा!" बापूसाहेब ओरडले. "गादी सोडलीत? अपशकून करताय!"

बुवा माझ्याशेजारी बसले. "बाई," ते म्हणाले, "कुठं दुखतंय?"

सांगते तुम्हाला, एवढ्या लोकांनी माझे पाय धरले होते, पण हे एक विचारलं नव्हतं कुणी.

"पोटात," मी म्हणाले. "खांद्यापर्यंत. लई दिवस झाले."

"ह्यांचं ऑपरेशन झालंय का काही?"

आमचे हे गर्दीतून रांगत पुढं आले. "झालंय बुवा. पित्ताचं. डॉक्टर म्हणाले होते, पोट फुगलं, डोळे पिवळे झाले की..."

"गाडी कुणाची आहे?"

"काय चाललंय हे?" बापूसाहेब मधे आले. "आठ भाव पुरे झालेत बुवा! तुमच्या कीर्तनानं झालेत! तुम्हाला कळतंय का तुमच्या पदरात काय पडलंय?"

बुवा उठून उभे राहिले. आणि ज्या आवाजाला कधी मंडपाची कड गाठता आली नव्हती, त्या आवाजात ते म्हणाले, "बापूसाहेब, मी उभा जन्म कीर्तन करतोय. मला माझं कीर्तन माहीत आहे. ते एवढं चांगलं नसतं."

पेटीवाल्यानं भाता सोडून दिला.

"माझ्या कीर्तनाला माणसं जांभया देतात. देवाची कृपा म्हणून जांभयाच देतात, शिव्या देत नाहीत. त्यानं कुणी बेशुद्ध पडत नाही. ही बाई आजारी आहे. गाडी कुणाची आहे, ते सांगा."

गाडी बापूसाहेबांचीच होती. रामाच्या मिरवणुकीसाठी झेंडूनं मढवलेली. बापूसाहेब किल्ली देईनात. तेव्हा बुवांनी देवापुढचे दोन्ही नारळ उचलले, ज्याचे त्याच्या हातात परत दिले, आणि मोकळा हात बापूसाहेबांपुढं धरला. त्या हातात किल्ली कधी पडली, मला माहीत नाही. मी शुद्धीवर आले तेव्हा अंगावर झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि मिरजेच्या दवाखान्याच्या दारात वॉर्डबॉय विचारत होता, "नवरी हीच काय?"

मिरजेत मला मिळाल्या डॉक्टर मुजावर मॅडम. तरणी बाई, पण बोलणं सरळ. पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि म्हणाल्या, "मावशी, पोटात पित्त साचलंय. पित्ताशय काढताना त्याच्या देठाला चिमटा लावतात. तुमचा सैल पडलाय. कधीकधी होतं असं. तेव्हापासून तिथून पित्त ठिबकतंय. एवढं होईस्तोवर घरी काय करत होता?"

"गॅस," मी म्हणाले.

"आणि मग?"

"मग संत झाले."

त्यांनी माझा ताप पुन्हा मोजला.

आमचे हे हात जोडून उभे. "मॅडम, परत पोट उघडायचं का? मी शिंपी आहे. उसवलं तिथं टाका घालतात, एवढं मला कळतं."

"टाका नाही काका. गळतंय तिथं हातसुद्धा लावायचा नाही."

"मग गळायचं थांबणार कसं?"

"माझे अब्बा पाटकरी होते," मॅडम म्हणाल्या. "कालव्याचं पाणी सोडायचे. पाटाचं तोंड गाळानं अडलं की पाणी मागं तुंबतं आणि बांध जिथं कच्चा तिथून फुटतं. अब्बा बांध लिंपत बसायचे नाहीत. पाटाचं तोंड मोकळं करायचे. पाण्याला सरळ वाट दिसली की ते आडवाटेला जात नाही, आणि फुटकी जागा आपोआप सुकते. पित्ताचंही तेच. पित्तनळी आतड्यात उघडते तिथं घट्ट झडप असते. मी तोंडातून दुर्बीण घालून तिथवर जाणार, झडपेला बारीक छेद देणार आणि प्लास्टिकची नळी बसवणार. पित्त सरळ आतड्यात उतरेल. गळकी जागा कोरडी पडली की मिटेल."

"आणि नाही मिटली तर?"

"बहुतेकांची मिटते. पण उशीर झालाय काका, रक्तात जंतू गेलेत. म्हणून आधी कुशीतून नळी घालून साचलेलं काढते, औषध चालू करते, मग ते. मी वचन देत नाही. प्रयत्न करते."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला तेव्हा प्रथम कळलं की मी मरू शकते. संत असताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

कुशीत नळी घातली आणि बाहेर पिशवी लावली. त्यात हिरवट-पिवळं पाणी असं उतरलं, की उसाचा रसवाला लाजावा. अक्का दुसऱ्या दिवशी भेटायला आल्या. पिशवीकडं बराच वेळ बघून म्हणाल्या, "एवढा भाव निघाला?"

दुर्बिणीच्या खोलीत नेताना मी मॅडमना विचारलं, "घशातून घालणार ना? मग मला भजन म्हणता येईल का पुढं?"

"आधी बरं म्हणत होता?"

"नाही."

"मग काळजी नको. होतं तसंच राहील."

गुंगीचं इंजेक्शन दिलं, त्यामुळं आत काय झालं ते मला सांगता येत नाही. बाहेर काय झालं, ते ह्यांनी नंतर सांगितलं. दामोदरबुवा मिरजेला आमच्यासंगं आले होते, गेलेच नव्हते. तोच ढगळ अंगरखा, कपाळावर कीर्तनातला बुक्का. ह्यांना त्यांनी बाकावर बसवलं आणि शेजारी बसून हळू आवाजात नाम म्हणत राहिले. नर्स दोनदा बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, आवाज कमी." तिसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, सूर तरी धरा."

मॅडम बाहेर आल्या, म्हणाल्या, "नळी बसली. उतरतंय सरळ." बुवा उठले, ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि एसटी स्टँडकडं चालत गेले.

माझी पिशवी आधी काठोकाठ भरायची. मग निम्मी, मग तळाशी चमचाभर, मग कोरडी. डोळ्यांतलं सोनं उतरलं. काही आठवड्यांनी मॅडमनी पुन्हा दुर्बीण घातली, ती आतली नळी काढून माझ्या हातात दिली. दातकोरण्याएवढी. एवढ्याशा नळीनं मला परत आणलं होतं. मी तिला नमस्कार केला. मॅडम हसल्या नाहीत.

आता गावाची गंमत ऐका. मी बरी होऊन आले तर कुणाला आनंद व्हावा ना? माझे पाय धुऊन पाणी नेणारी म्हातारी मला बघून रस्ता ओलांडून गेली. तिला फसवल्यासारखं वाटत होतं. बापूसाहेबांनी निकाल दिला: "भाव खरेच होते. ती डॉक्टरीण नळी घालून काढून बसली." अक्का तर अजून म्हणतात, "आमच्या घरात संत होता हो. बुवानं घालवला."

आणि बुवा? त्यांच्या नावानं दवंडीच पिटली. गादी सोडली. मांडलेलं कीर्तन मोडलं. त्या वर्षी द्राक्षांवर गारा पडल्या, त्याही त्यांच्याच. आणि लोकांनी सगळ्यात पक्कं धरून ठेवलं ते त्यांचं स्वतःचं वाक्य: माझं कीर्तन एवढं चांगलं नसतं. बुवा स्वतःच म्हणतात, मग बोलवायचं कशाला? पंचक्रोशीत इतर कुणाचं खरं बोलणं लोकांनी एवढं मनावर घेतलेलं मी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी कळलं, एका कारखान्याच्या वस्तीवर मारुतीच्या देवळात ते कीर्तन करतायत. मी आणि हे गेलो. ऊसतोडीची माणसं दमून आलेली, निम्मी झोपलेली. बुवा तसेच. अंगरखा तसाच. रहाट तसाच. कीर्तन झाल्यावर मी पाया पडले.

"आता तब्येत?"

"ठणठणीत. बुवा, एक विचारू? त्या दिवशी तुम्हाला कळलं कसं? एवढ्या लोकांतून तुम्हालाच?"

बुवांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"पहिल्या दिवशी नाही कळलं बाई. पहिल्या दिवशी मीपण फसलो. तुम्ही रडलात, थरथरलात, आणि मला वाटलं, जमलं. उतारवयात का होईना, एकदा जमलं. बिऱ्हाडी जाऊन एकटाच हसलो. दुसऱ्या दिवशी तुम्हाला खुर्चीत घालून आणलं, तेव्हाही मनात भीती होती ती एवढीच, की आज तुम्ही रडला नाहीत तर?"

"मग?"

"मग मी तो मिरजेचा विनोद सांगितला, आणि तुम्ही नेमक्या त्याला थरथरलात." ते हसले. "अभंगाला थरथरला असतात, तर मी अजून तसाच गात राहिलो असतो. विनोदाला कुणाला भाव येत नाही हो. त्यातून माझ्या. तरी पुढं चार ओव्या मी ओढल्या. ओढताना मला दिसत होतं, की हे काही माझं नाही. पण नारळ समोर होते. झांज खाली ठेवायला तेवढा वेळ लागला."

आमच्या ह्यांनी तिथंच त्यांच्या अंगाचं माप घेतलं. नवा अंगरखा शिवला, त्यांच्या मापाचा. त्यांनी तो किती वेळा घातला, माहीत नाही. कीर्तनंच फार मिळाली नाहीत. पुढं ते गेले. शिष्य नव्हता, कारण शिकण्यासारखं लोकांना काही वाटलं नाही. त्यांची कॅसेट नाही, फोटो कुठल्या देवळात लावलेला नाही. मुलाचं पंक्चरचं दुकान आहे, त्याला गाणं आवडत नाही.

ते बघा, पेटीवाले आले. आता हे बुवा उभे राहतील, गोड गातील, तुमच्या डोळ्यांत पाणी येईल, येऊ दे. मी तर आधीच पदर हातात धरून बसणार आहे. पण आरतीचं तबक तुमच्यापुढं आलं, ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावलात, की आपल्या गेलेल्या माणसांची नावं मनात घेता ना? त्यांत एक नाव वाढवा. कीर्तन पुरं न करता उतरलेल्या त्या माणसाचं. दामोदरबुवा तुंगकर. घ्याल ना एवढं?